नॅनो की व्हिम: परभणीत बसून मुंबईच्या सर्व्हरवरची फाइल दुरुस्त करताना

आपण दाबलेलं प्रत्येक अक्षर एसएसएचवरून (दूरच्या संगणकावर काम करायची सुरक्षित जोडणी) मुंबईला जातं, तिथून परत येतं, तेव्हा कुठे पडद्यावर उमटतं. पावसाळ्यात नेट रेंगाळलं की हा हेलपाटा डोळ्यांना दिसतो. म्हणून नॅनो आणि व्हिम या दोन संपादकांतून, म्हणजे फाइलमधला मजकूर बदलायच्या प्रोग्रॅममधून, निवडताना मी दोनच गोष्टी बघतो: किती कळा दाबाव्या लागतात, आणि मध्येच लाईट गेली तर हाती काय राहतं.

नॅनो पाच मिनिटांत जमतो. मुख्य कळा खालच्या पट्टीतच लिहिलेल्या असतात: कंट्रोल-ओने सेव्ह, कंट्रोल-एक्सने बाहेर, कंट्रोल-केने ओळ कापायची, कंट्रोल-यूने चिकटवायची. अडचण लांब फाइलमध्ये येते. बाण दाबून धरला की कर्सर मागाहून धावत येतो आणि हवी ती ओळ ओलांडून पुढे जातो. कंट्रोल-अंडरस्कोर दाबून ओळीचा क्रमांक द्यायची सवय लावली तर हा त्रास वाचतो.

व्हिममध्ये साधी अक्षरंच आज्ञा असतात: ४० टाइप करून मोठा जी दाबला की थेट चाळिसावी ओळ. डीडीने ओळ गेली, यूने परत आली. सीआयडब्ल्यूने कर्सरखालचा शब्द बदलायचा, एस्केप दाबायचा, आणि पुढच्या शब्दावर जाऊन नुसतं टिंब दाबलं की तोच बदल पुन्हा होतो. संथ नेटवर हे टिंब मला सगळ्यात मोलाचं वाटतं. बाणांऐवजी एच-जे-के-एल या कळा बिल जॉय यांच्या १९७६च्या व्हीआयपासून, म्हणजे व्हिमच्या पूर्वजापासून, चालत आल्या आहेत. जॉय ज्या टर्मिनलवर (पडदा आणि कीबोर्ड असलेलं यंत्र) काम करत, त्याच्या याच चार कळांवर बाण छापलेले होते.

सर्व्हर ब्राउझरमधल्या टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, उघडत असाल तर माझं मत सरळ व्हिमला. नॅनोत शोधायची कळ कंट्रोल-डब्ल्यू, आणि ब्राउझरमध्ये तिनेच टॅब बंद होतो. माझं अर्ध्या तासाचं काम असंच गेलं होतं. व्हिममध्ये शोधायला साधी तिरकी रेघ पुरते.

मराठी टायपिंग करणाऱ्यांसाठी मात्र व्हिमची एक खोच आहे. कीबोर्ड मराठीवर राहिला तर डीडी दाबूनही ओळ हलत नाही, कारण व्हिमला आज्ञा इंग्रजी अक्षरांतच कळते. आधी कीबोर्ड बदला. व्हिममध्ये कंट्रोल-एस दाबल्यावर पडदा गोठला तर कंट्रोल-क्यू दाबा.

लाईट गेली तर व्हिमची स्वॅप फाइल (न सेव्ह केलेल्या बदलांची तात्पुरती नोंद) उरते. कनेक्शन तुटल्याचं सर्व्हरला कळलं की नॅनोही बहुधा नावापुढे ‘.save’ लावलेली प्रत ठेवतो. तरी भरवसा टीमक्सवरच ठेवा; हा प्रोग्रॅम सर्व्हरवर चालतो आणि जोडणी तुटली तरी काम उघडं ठेवतो. संपादक त्यात उघडला असेल तर लाईट आल्यावर टीमक्स अटॅच करायचं. कर्सरसुद्धा होता तिथेच सापडतो.

महिन्यातून एखादी ओळ बदलणाऱ्याने नॅनोच ठेवावा. रोज सर्व्हरवर बसणाऱ्याने आज रात्रीच व्हिमट्यूटर, म्हणजे व्हिमसोबत येणारा सराव-पाठ, चालवावं, अर्ध्या तासाचं काम आहे.