रिपोर्ट बटण आणि अपिलाची सोय : 11 महिने वापरल्यानंतर (5 पैकी 2 तारे)

मला दोन वर्षांची असताना पोलिओ झाला. उजव्या पायात कॅलिपर आहे, घराबाहेर पडायचं तर कुबडी लागते. एका मोठ्या सोशल मीडिया ॲपवर मी अपंग बायकांचा गट सांभाळते. सदस्य चारेक हजार. त्यामुळे त्या ॲपवरची 'रिपोर्ट'ची आणि त्यापुढच्या 'अपील'ची सोय मला सारखी वापरावी लागते. गेल्या 11 महिन्यांत मी 63 तक्रारी आणि 5 अपिलं केली. तारीख, वेळ, आलेलं उत्तर, सगळं वहीत टिपून ठेवलंय. हे परीक्षण त्या वहीवरून लिहिते आहे.

तक्रार करणं सोपं आहे. तीन टिंबांवर बोट ठेवलं, 'रिपोर्ट' निवडलं की कारणांची यादी उघडते. यादीत 'द्वेषपूर्ण भाषण' असं एक कारण आहे. आता मराठीत भाषण व्यासपीठावरून करतात. आमच्या गटातल्या कितीतरी जणींना वाटलं, हे सभांच्या व्हिडिओंसाठी असणार, आपल्या फोटोखाली कुणी घाण लिहिलं तर त्यासाठी नव्हे. मग त्या 'स्पॅम' निवडत राहिल्या. 'द्वेष पसरवणारा मजकूर' एवढं साधं लिहिलं असतं तरी कळलं असतं. शिवाय एकदा कारण निवडलं की संपलं. तक्रार का करतोय हे सांगायला एका ओळीचीही जागा नाही.

ती ओळ का हवी ते सांगते. मार्चमध्ये मी लिहिलं होतं, 'मी लंगडी आहे. लंगडी म्हणा, बिचारी म्हणू नका.' दोन मिनिटांत पोस्ट गायब. कारण : द्वेषपूर्ण भाषण. त्याच आठवड्यात आमच्यातल्या एकीने नोकरी लागल्याचा फोटो टाकला. त्याखाली एकाने लिहिलं, 'अशा एका माणसामागे आयुष्यभर किती खर्च होतो आणि त्या पैशात किती धडधाकट मुलं शिकतील, याचा हिशेब करा. हे जन्मालाच येऊ देऊ नयेत.' चौदा जणींनी तक्रार केली. 40 मिनिटांत सगळ्यांना एकच उत्तर आलं : 'आमच्या नियमांचं उल्लंघन आढळलं नाही.'

त्या कमेंटमध्ये शिवी एकही नाही, आणि दोन मिनिटांत कुणी माणूस माझी पोस्ट वाचून विचार करतो यावर माझा विश्वास नाही. शब्द जुळला की पकडायचं, एवढंच त्या यंत्राला येत असावं. असंच चाललं तर उद्या कुणी 'लंगडी सबब' लिहिलं तरी अडकेल, आणि माणसाचं मोल रुपयांत मांडणारा सुटेल. 1938 च्या सुमाराचं नाझी जर्मनीतलं एक पोस्टर मला तेव्हा आठवलं. खुर्चीत एक अपंग माणूस, त्याच्यामागे पांढऱ्या कोटातला एकजण उभा, आणि मजकूर असा की या आनुवंशिक रुग्णावर समाजाचे आयुष्यभरात 60,000 राइशमार्क खर्च होतात, हा तुमचाही पैसा आहे. त्यातही शिवी नव्हती. पुढे 'टी4' नावाच्या मोहिमेत 1940 आणि 1941 या दोन वर्षांत 70,000 हून अधिक रुग्ण आणि अपंग माणसं विषारी वायूने मारली गेली. एकट्या पोस्टरने हे घडलं असं मी म्हणत नाही. पण खर्चाचा तो हिशेब वाचताना माझे हात गार पडले होते, आणि ॲपने कळवलं की आढळलं काहीच नाही.

मजकूर कसा तोलायचा हे जगाला ठाऊक नाही असं नाही. 2012 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने मोरोक्कोतल्या रबात इथे तज्ज्ञांनी एक कृती आराखडा तयार केला. राष्ट्रीयत्व, वंश किंवा धर्मावरून दिलेली चिथावणी गुन्हा केव्हा ठरावी, यासाठी तो आहे. पण त्यातले सहा प्रश्न आमच्याही कामाचे आहेत : संदर्भ काय, बोलणारा कोण, हेतू काय, मजकूर आणि मांडणी कशी, पोहोच किती, आणि खरोखर इजा होण्याची शक्यता किती. 'लंगडी' म्हणणारी मी स्वतः लंगडी, वाचणाऱ्या माझ्या मैत्रिणी, इजा शून्य. हिशेब मांडणाऱ्याचे फॉलोअर अडीच लाख, आणि त्यांतले कित्येकजण त्याच रात्री त्या मुलीच्या इनबॉक्समध्ये घुसले. यातलं काहीही कळवायची सोय फॉर्मवर नाही.

आता उलटी बाजू, कारण ती लपवली तर हे परीक्षण खोटं ठरेल. एका माणसाने लिहिलं, 'अपंगांच्या सवलती बंद करा, सगळ्यांना एकाच मापाने मोजा.' मला ते मत अजिबात पटत नाही. दोन दिवस मी त्याला उत्तरं देत होते, परीक्षेत लेखनिक का लागतो, वाढीव वेळ का लागतो. तोही विचारत होता, वाचणारेही मध्ये मध्ये बोलत होते. तिसऱ्या दिवशी आमच्याच गटातल्या बायकांनी ठरवून धडाधड तक्रारी केल्या आणि संध्याकाळी पोस्ट उडाली. तिच्याखालची माझी सगळी उत्तरंही गेली. गटात आनंद झाला. मी त्यांना वेळीच थांबवायला हवं होतं, थांबवलं नाही, याची मला आजही खंत आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये श्रेया सिंघल खटल्यात माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा देणारं कलम 66 अ रद्द करताना चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी यांत फरक केला होता. तो माणूस दुसऱ्या पायरीच्या पुढे गेलाच नव्हता. तक्रारींची संख्या बघून पोस्ट उडवणारी सोय उद्या आमच्यावरही उलटेल. आमच्यावर तक्रारी करायला माणसं काही कमी नाहीत.

'24 तासांत काढायला लावा' असं सुचवणाऱ्यांचं म्हणूनच मला पटत नाही. जर्मनीने 2017 च्या कायद्यात उघडउघड बेकायदा मजकुरासाठी तेवढीच मुदत ठेवली आणि दंडाची कमाल 5 कोटी युरो. फ्रान्सने तशीच मुदत घातली, तर 2020 मध्ये तिथल्या संविधान परिषदेने ती रद्द केली. न्यायाधीशाने काही ठरवण्याआधीच कंपन्या दंडाच्या भीतीने कायदेशीर मजकूरही उडवतील, ही अडचण होती. मला त्याहून उपयोगी वाटतो तो युरोपीय संघाचा डिजिटल सेवा कायदा, जो 17 फेब्रुवारी 2024 पासून पूर्णपणे लागू झाला. मजकूर काढला तर कारण सांगा, निर्णयात यंत्राचा हात होता का तेही सांगा, आणि अपिलाचा निकाल निव्वळ यंत्रावर सोडू नका, असं तो कायदा कंपन्यांना बजावतो.

'लंगडी'च्या पोस्टसाठी केलेल्या माझ्या अपिलाचा निकाल नवव्या दिवशी लागला. 'तुमची पोस्ट पुन्हा दिसू लागली आहे', एवढंच. आधी काय चुकलं होतं, आता कुणी वाचलं, वाचणाऱ्याला मराठी येतं का, काही नाही.

दोन तारे कशाचे? एक, तक्रार करणाऱ्याचं नाव समोरच्याला कळत नाही. 63 तक्रारींत एकदाही फुटलं नाही, आणि आमच्या मुलींसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. दुसरा, शब्द लपवण्याच्या सोयीसाठी. नको असलेल्या शब्दांची यादी आपण स्वतः करायची, ते शब्द असलेल्या कमेंट फक्त आपल्याला दिसत नाहीत. लिहिणाऱ्याचं तोंड बंद होत नाही आणि आपली झोपही उडत नाही. माझ्या यादीत पहिला शब्द 'बिचारी' आहे.

तिसरा तारा मी कारण लिहायच्या त्या एका ओळीसाठी राखून ठेवला आहे, चौथा मराठी वाचणाऱ्या माणसासाठी.

वापरणाऱ्यांना एक सूचना : रिपोर्ट करण्याआधी स्क्रीनशॉट घ्या आणि लिंक जपून ठेवा. तक्रार केली की ती कमेंट आपल्या पडद्यावरून नाहीशी होते, आणि ती खरंच काढली की फक्त आपल्यापासून लपवली हे कळत नाही. मी आज सकाळी बहिणीच्या फोनवरून पाहिलं. खर्चाचा तो हिशेब अजून तिथेच आहे.