झोन वन : झेरॉक्स मशीनपाशी थांबलेला माणूस

झोंबींची कादंबरी म्हणून घेतली आणि पहिल्याच हल्ल्यात फसले. मॅनहॅटनमधल्या एका ऑफिसच्या एचआर विभागात झोंबी झालेल्या चार बायका नायक मार्क स्पिट्झवर तुटून पडतात, आणि लेखक कोल्सन व्हाइटहेड निवांत सांगत बसतो की त्यांतल्या एकीची केशरचना कुठल्या मालिकेमुळे फॅशनमध्ये आली होती! डोंबिवली ते भायखळा, एका हाताने कडी धरून, मी तेच पान दोनदा वाचलं.

एकदा ती चाल पकडली की मजा येते. २०११ची ही कादंबरी शुक्रवार ते रविवार, फक्त तीन दिवसांची. मॅनहॅटनमधला कॅनाल स्ट्रीटच्या खालचा भाग भिंत घालून लष्कराने मोकळा केलाय, तोच हा ‘झोन वन’. मागे राहिलेले झोंबी इमारतीगणिक वेचून मारायचं काम मार्क स्पिट्झच्या तुकडीकडे. सरकार बफेलो शहरात बसलंय. जग बुडालं तरी या सरकारला घोषवाक्य हवं, गाणं हवं, प्रायोजक हवेत. रिकाम्या घरातून वस्तू उचलायची तर प्रायोजक कंपनीचीच! इथे मी गर्दीत मोठ्याने हसले.

पण मला खरा हादरा दिला तो न चावणाऱ्यांनी. त्यांना इथे ‘स्ट्रॅगलर’ म्हणतात. ते आपल्या जुन्या आयुष्यातल्या एखाद्या जागी नुसते उभे असतात. एक जण झेरॉक्स मशीनपाशी. मार्क स्पिट्झ पूर्वी एका कॉफी कंपनीसाठी इंटरनेटवर ग्राहकांशी गोड बोलायचा. माझंही पोट त्याच धंद्यावर. ‘आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत’ हे दिवसातून चाळीस वेळा चिकटवते. त्या झेरॉक्सवाल्याच्या जागी मला माझी खुर्ची दिसली, बोटं कंट्रोल-व्हीवर.

मार्क स्पिट्झ हे त्याचं खरं नाव नाही. ते १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये सात सुवर्णपदकं मिळवणाऱ्या जलतरणपटूचं. टोपणनावामागची पूर्ण गोष्ट शेवटाकडे, अगदी सहज कळते. ती मी फोडणार नाही. कळल्यावर मात्र पुस्तक मिटून बसले. एवढी पानं मी या माणसाला मनात कुठल्या रंगाने रंगवत होते?

तक्रारी आहेत. इंग्रजी जड, फोनवर शब्दकोश उघडाच ठेवावा लागला. एकाच परिच्छेदात काळ तीनदा उडी मारतो. ठाण्याला सुटलेला धागा कुर्ल्याला सापडायचा. मधली साठेक पानं रेंगाळतात.

नववीतल्या भाच्याने झोंबी म्हणून हौसेने मागून नेली होती. अकराव्या पानावर खूण घालून परत आली.