पाच वर्षांचा बृहत् आराखडा की पंधरा वर्षांची सरकती योजना?

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत नाशिक जिल्हाही येतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार अशा विद्यापीठाला पाच वर्षांचा बृहत् आराखडा करावा लागतो आणि नवी महाविद्यालये कोठे हवीत, हे त्यावरून ठरते. मुदत आटोपशीर असल्याने कामाचा हिशेब मागता येतो, हा त्याचा मोठा गुण आहे. मात्र कुलगुरूंचा कार्यकाळही पाचच वर्षांचा असल्याने, लावलेले झाड फळाला येण्याआधीच माळी बदलतो.

पंधरा वर्षांची, दरवर्षी तपासून पुढे सरकणारी योजना याहून वेगळी असते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने उच्च शिक्षणातील सकल नोंदणी प्रमाण (म्हणजे १८ ते २३ वयोगटाच्या लोकसंख्येच्या तुलनेत उच्च शिक्षण घेणाऱ्यांचे प्रमाण) २०३५ पर्यंत ५० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. एवढा पल्ला एका आराखड्यात मावत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड-दिंडोरीकडे ऑक्टोबरात द्राक्षबागांची फळछाटणी आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीची धांदल असते. त्या दिवसांत बागायतदाराच्या घरातील विद्यार्थी वर्गात नसतो, याची दखल घेऊन सत्रांची फेरमांडणी करायची, तर अभ्यासक्रम, परीक्षा आणि वसतिगृहे या तिन्हींचा एकत्र विचार करावा लागतो, आणि त्याला वर्षे लागतात. अर्थात, सरकती योजना सोयीस्करपणे पुढे ढकलताही येते (ही कला आपल्याकडे कोणाला शिकवावी लागत नाही).

माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे. परंतु कायद्याने बंधनकारक असलेला पंचवार्षिक आराखडा त्याच योजनेचा तुकडा म्हणून मांडला जावा आणि प्रत्येक कामापुढे खर्च, मुदत व जबाबदार अधिकाऱ्याचे पद लिहिलेले असावे.