पॅनेल तपासायला टेम्परेचर गन, थर्मल कॅमेरा की एजन्सी?

कारखान्याच्या विजेच्या पॅनेलमध्ये कुठे लूज कनेक्शन तापतंय का, हे हात न लावता बघायचं तर तीन वाटा आहेत: टेम्परेचर गन, स्वतःचा थर्मल कॅमेरा, नाहीतर एजन्सीला बोलावून थर्मोग्राफी, म्हणजे थर्मल कॅमेऱ्याने फोटो काढून तपासणी. दुकानात आधी रेंज सांगतात, 400 अंश, 550 अंश. पॅनेलसाठी ती गौण आहे, कारण साध्या पीव्हीसी वायरचं इन्सुलेशन 70 अंशांसाठीच बनवलेलं असतं. विचारायचं ते हे, की लहानात लहान काय आणि किती लांबून मोजायचंय?

गन स्वस्त, हजार-दोन हजारांत मिळते. बहुतेक गनवर 12:1 लिहिलेलं असतं. म्हणजे 1 मीटरवरून ती सुमारे 8 सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळाची सरासरी दाखवते. लेझरचा ठिपका फक्त नेम धरायला असतो. एमसीबीचं टर्मिनल, म्हणजे वायर कसायची जागा, जेमतेम सेंटिमीटरभर. ते 90 अंशांवर आणि आजूबाजूचं सगळं 40 वर असेल, तर गनवर 41-42 दिसेल आणि वायरमन रजिस्टरमध्ये 'ओके' लिहील. बरोबर आकडा हवा तर गन अगदी जवळ न्यावी लागते, आणि चालू पॅनेलमध्ये नेमकं तेच टाळायचं असतं. मोटारची बॉडी, बेअरिंग हाउसिंग, भट्टीची बाहेरची भिंत यांना मात्र गन उत्तम. कोविडमध्ये गेटवर घेतलेली कपाळाची गन इथे चालत नाही, तिची रेंज शरीराच्या तापमानापुरतीच असते.

कॅमेऱ्यात पिक्सेल आणि लेन्सचा कोन एकत्र बघा. 80 बाय 60 चा कॅमेरा 50 अंशांच्या लेन्सने 1 मीटरवरून बघतो तेव्हा एक पिक्सेल सव्वा सेंटिमीटरच्या आसपास पडतो. भरवशाच्या आकड्याला किमान 3 बाय 3 पिक्सेल लागतात, म्हणजे साडेतीन सेंटिमीटर. टर्मिनल पुन्हा हातचं गेलं. त्याच लेन्सला 160 बाय 120 असेल तर पावणेदोन सेंटिमीटर. थोडं पुढे सरकलं की काम होतं. माझ्या मते पॅनेलसाठी याच्या खाली जाऊच नये. मोबाइलला लावायचे कॅमेरेही याच हिशेबाने तोला. काही मॉडेल साध्या फोटोच्या कडा थर्मल चित्रावर चढवतात. चित्र रेखीव दिसतं, मोजणारे पिक्सेल तेवढेच राहतात.

कॅमेऱ्याचा मोठा फायदा म्हणजे तुलना. सारख्या लोडवर, म्हणजे सारखाच करंट वाहत असताना, तीन फेजपैकी आर फेजचा लग (वायरच्या टोकाला बसवलेला धातूचा जोड) 41, वाय 42 आणि बी 68 दिसला, तर दोन अंशांच्या चुकीने काही बिघडत नाही. अमेरिकेतल्या नेटा या संस्थेच्या तक्त्यानुसार अशा दोन भागांतला फरक 15 अंशांपुढे गेला की दुरुस्ती ताबडतोब करायची. मात्र लोड हवा. अर्ध्या लोडवर तापमानवाढ पावपटच दिसते, म्हणून रविवारच्या बंद कारखान्यात केलेली तपासणी फुकट जाते.

चकचकीत बसबार (पॅनेलमधली करंट वाहणारी उघडी धातूची पट्टी) गन आणि कॅमेरा दोघांनाही फसवतो. उघडं तांबं स्वतःची उष्णता फार कमी बाहेर टाकतं आणि समोरची परावर्तित करतं. बघणाऱ्याचा चेहराच तिथे गरम डाग होऊन उमटतो. शटडाऊनमध्ये जॉइंटजवळ काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा लावून ठेवा, गन-कॅमेऱ्यातली एमिसिव्हिटी (पृष्ठभाग स्वतःची उष्णता किती बाहेर टाकतो त्याचा आकडा) 0.95 ठेवा आणि टेपवर मोजा. अ‍ॅक्रिलिकच्या कव्हरमधून आतलं काहीच दिसत नाही, ते काढावंच लागतं. चालू पॅनेल उघडायचं काम परवानाधारक इलेक्ट्रिशियननेच, सुरक्षा साधनं घालून करायचं.

एक-दोन पॅनेलचं वर्कशॉप असेल तर कॅमेऱ्यात पैसे अडकवू नका. वर्षातून एकदा, पूर्ण लोडच्या शिफ्टमध्ये एजन्सी बोलवा आणि मधल्या काळासाठी मुख्य लगांवर, ठरावीक तापमानाला कायमचे काळे पडणारे स्टिकर लावा. रिपोर्टमध्ये प्रत्येक फोटोसोबत त्या वेळचा अँपिअर लिहून मागा. पंधरा-वीस पॅनेल आणि स्वतःचा मेंटेनन्स विभाग असेल तर कॅमेरा घ्याच. फक्त फोटोतल्या प्रत्येक बिंदूचं तापमान नंतर कॉम्प्युटरवर काढता येतं का, हे बिल करण्याआधी दुकानातच करून बघा.