मळलेली वाट की आडवाट? रोज धावणाऱ्यासाठी थोडा हिशेब

सकाळी आडवाटेला लागल्यावर चेहऱ्याला कोळ्याचं जाळं चिकटलं की ओळखायचं, आज आपल्याआधी इथून कोणी गेलेलं नाही. दोन झुडपांमध्ये ताणलेला एकच धागा, दवाने जड झालेला. रोजच्या रस्त्यावर हे सुख मिळत नाही. तरीही रोजचा रस्ता सोडून द्या, असं मी कुणालाही सांगणार नाही.

रस्त्याचं मोठेपण असं की तो बदलत नाही. मागच्या महिन्यात आठ किलोमीटरला किती वेळ लागला आणि आज किती लागला, हे तिथेच ताडून बघता येतं. वेगाचे सराव, ठरावीक पेसने (म्हणजे एका किलोमीटरला लागणाऱ्या ठरावीक वेळाने) लांब पल्ला, हे सगळं सपाट आणि ओळखीच्या जागीच नीट होतं. उजाडायच्या आत निघायचं असेल, हाताशी जेमतेम चाळीस मिनिटं असतील, तर दुसरा विचारच नको.

आडवाटेवर हा हिशेब पार कोलमडतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये चालणाऱ्यांसाठी एक ठोकताळा मांडला होता: सपाटीवर तासाला साधारण 5 किलोमीटर आणि दर 600 मीटर चढाला एक तास जादा. म्हणजे 100 मीटरचा चढ जवळजवळ 800 मीटर सपाटीइतका वेळ खातो. धावणाऱ्याला तो तंतोतंत लागू पडत नाही, पण अंदाजाला पुरतो. सहा किलोमीटरच्या वाटेत 200 मीटर चढ असेल, तर साडेसात किलोमीटरची तयारी ठेवून निघावं. त्यातून वाट खडकाळ असेल तर आणखी वेळ धरावा. पेस बघून खट्टू होण्यापेक्षा श्वासाकडे लक्ष द्यावं. चढावर चालावं लागलं तर खुशाल चालावं.

शरीराच्या बाबतीत दोन्ही वाटांचं देणंघेणं वेगळं आहे. रस्त्यावर मिनिटाला 160 ते 180 पावलं पडतात आणि जवळपास सगळी सारखीच असतात. तेच स्नायू, तोच कोन. पायवाटेवर दर पावलाला घोटा वेगळा वळतो, कमरेच्या बाजूचे स्नायू जागे होतात, तोल सांभाळायची सवय लागते. पण घोटा मुरगळतो तोही इथेच, हे विसरू नये. आणि उताराला भुलू नये. उतरताना मांड्यांचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, म्हणून खरं दुखणं दुसऱ्या दिवशी कळतं. दोन-तीन फेऱ्यांनंतर शरीर सरावतं आणि तो त्रास बराच कमी होतो.

आता मजेचं. एका वाटेवर आडवं पडलेलं झाड आहे. पहिल्यांदा गेलो तेव्हा पानं अजून हिरवी होती आणि मला खोडावर हात टेकून पलीकडे जावं लागलं. काही महिन्यांनी साल सुटायला लागली. मग बुंध्याच्या ओल्या बाजूला अळंबी उगवली, बोटाच्या पेरापेक्षा लहान, एकावर एक रचल्यासारखी. आता खोड मध्यभागी इतकं भुसभुशीत झालंय की मुंग्यांनी त्यातून आपला रस्ता काढलाय. रस्त्यावर आडवं आलेलं झाड त्याच दिवशी उचलून नेलं असतं. इथे मला त्याचं सगळं वर्ष बघायला मिळालं, आणि तेही धावता धावता.

दुसरं सुख डोळ्यांचं. नजर सतत तीन-चार पावलं पुढे: मूळ, सैल दगड, ओली पानं, पुन्हा मूळ. रस्त्यावर माझं डोकं कामाच्या यादीत अडकलेलं असतं, इथे त्या यादीला जागाच उरत नाही. तासभर असं धावून आल्यावर पाय दमलेले असतात आणि मन मात्र ताजं असतं.

वाट हरवतेसुद्धा. एकदा गवतात ती बारीक होत होत नाहीशी झाली आणि मी हट्टाने पुढे गेलो. परत मूळ वाटेला लागायला वीस मिनिटं चालावं लागलं. तेव्हापासून प्रत्येक फाट्यावर मागे वळून बघतो, कारण परतताना तीच जागा अनोळखी दिसते. हाताशी जितका वेळ आहे, त्याचा तिसरा हिस्सा संपला की माघारी फिरतो. कुठे जातोय ते घरी सांगतो, नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवतो.

मधला पर्यायही आहे: खुणा केलेली, वर्दळीची पायवाट. नवख्याने तिथूनच सुरुवात करावी. मदत जवळ असते, वाट चुकत नाही. मात्र जाळं तोंडावर येत नाही, आणि चालणाऱ्यांना वाट द्यायला थांबावं लागतं.

शर्यत तोंडावर आली असेल किंवा घोटा नुकताच बरा झाला असेल, तर रस्ताच निवडा. जमीन चिखलाने मऊ झाली असेल तेव्हाही आडवाटेला जाऊ नका. तेव्हा पडलेले ठसे वाळून तसेच राहतात, आणि डबकं चुकवत कडेने धावलं की वाट रुंदावत जाते. पण रोजचं धावणं केवळ उरकल्यासारखं व्हायला लागलं असेल, तर आठवड्यातला एक दिवस आडवाटेला द्या, बाकीचे रस्त्याला. तळाला खोल खाचा असलेले बूट घाला. पहिल्या दिवशी घड्याळावरचा पेसचा आकडा झाकून ठेवा, वेळ तेवढी दिसू द्या, कारण परत यायचं आहे.