एलसॅटचा स्कोअर प्रिव्ह्यू: पैसे वसूल, पण कमी गुणांवरचा इलाज नव्हे

अमेरिकेतल्या लॉ स्कूलांसाठी एलसॅट ही प्रवेश परीक्षा घेणारी एलसॅक ही संस्था 'स्कोअर प्रिव्ह्यू' वेगळे पैसे घेऊन विकते. गुण आधी फक्त तुम्हाला दिसतात आणि ते ठेवायचे की रद्द करायचे, हे ठरवायला सहा दिवस मिळतात. काहीच केलं नाही तर गुण कायम. परीक्षेचा पहिला दिवस उजाडण्याआधी घेतला तर शुल्क कमी पडतं, नंतर बरंच जास्त. लेखी भाग, म्हणजे आर्ग्युमेंटेटिव्ह रायटिंग, पूर्ण नसेल तर गुण अडकून राहतात. हे बऱ्याच जणांच्या निकालाच्या दिवशीच लक्षात येतं.

प्रिव्ह्यू न घेताही रद्द करता येतं, पण आंधळेपणाने. पेपर वाईट गेला असं वाटणं आणि प्रत्यक्ष गुण यांचा फारसा मेळ नसतो, त्यामुळे घाबरून चांगले गुण घालवणारे निघतात. पहिल्यांदा बसणाऱ्याने घ्यावा, तो याचसाठी.

मात्र रद्द म्हणजे पुसलं असं नाही. लॉ स्कूलला जाणाऱ्या अहवालात त्या प्रयत्नापुढे 'रद्द' दिसतं, आणि तो प्रयत्न मोजलाही जातो: सुमारे पाच वर्षांच्या चालू कालावधीत जास्तीत जास्त पाच वेळा बसता येतं, आयुष्यात सात. शिवाय २००६ पासून, लॉ स्कूलांना मान्यता देणाऱ्या अमेरिकन बार असोसिएशनला कळवायच्या आकडेवारीत विद्यार्थ्याचे सर्वोच्च गुणच धरले जातात. लॉ स्कूलचा मीडियन, म्हणजे विद्यार्थ्यांच्या गुणांतला मधला आकडा, त्यावरून निघतो, म्हणून प्रवेश समितीची नजर आधी तिथेच जाते. आधीचे १५४ आणि नंतरचे १६३ असतील तर १५४ ने फार बिघडत नाही. रद्द करायचंच तर गुण सराव चाचण्यांच्या मानाने फारच खाली घसरले असतील आणि पुन्हा बसणं नक्की असेल, तेव्हाच.

ठेवलेले गुण कमी असतील तर पुढचा प्रश्न ॲडेंडमचा, म्हणजे अर्जाला जोडायच्या छोट्या स्पष्टीकरणाचा. इथे प्रिव्ह्यू काहीच मदत करत नाही, उलट अडचणीतच टाकतो: आजारी होतो, हे आधीच ठाऊक होतं आणि रद्दही करता येत होतं, मग ठेवले का? वाचणाऱ्याच्या मनात हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर ॲडेंडममध्ये हवं.

१२० ते १८० च्या मोजपट्टीवर एलसॅक स्वतःच गुणांसोबत दोन्हीकडे सुमारे तीन गुणांचा पट्टा देते; खरी क्षमता त्यात कुठेही असू शकते. म्हणजे १६१ आणि १६३ यांतला फरक समजावत बसण्यात अर्थ नाही. लिहावं ते तीनच प्रसंगी: एका विशिष्ट दिवशी घडलेली, कागदाने दाखवता येणारी घटना, गुणांत मोठी उडी, किंवा शाळेत असताना दिलेल्या सॅट या कॉलेज प्रवेश परीक्षेत कमी गुण असूनही कॉलेजात उत्तम ग्रेड, असा जुना दाखला. तिसऱ्यात सॅटचा अहवाल जोडलाच पाहिजे, नाहीतर 'मला परीक्षा जमत नाहीत' एवढंच उरतं आणि ते वाक्य सगळ्यात कमकुवत. ऑगस्ट २०२४ मध्ये एलसॅटमधून लॉजिक गेम्स हा कोड्यांचा भाग गेला, त्यामुळे वाढलेल्या गुणांवर परिच्छेद खर्चू नका. समित्यांना ते माहीत आहे.

बांधणी साधी ठेवा. घटना, तारीख, गुण, नंतरचे गुण, पुरावा. उदाहरणार्थ: 'जूनच्या परीक्षेच्या आदल्या रात्री मी रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात होते. गुण १५४ आले. पुढची परीक्षा लगेच असेल की नाही, याची खात्री नसल्यामुळे ते ठेवले. ऑगस्टमध्ये १६३ आले. मागितल्यास डिस्चार्जचा कागद देईन.' बस, एवढंच. दीड-दोनशे शब्दांच्या पुढे गेलात की विनवणी सुरू होते. एसओपीत, म्हणजे अर्जासोबतच्या मुख्य निबंधात, सांगितलेलं इथे पुन्हा नको.

अपंगत्वामुळे जादा वेळ मिळाला असेल तर तो उघड करायचा की नाही, हा निर्णय तुमचा. २०१४ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर एलसॅक अशा गुणांवर खूण करत नाही. पहिला प्रयत्न जादा वेळेशिवाय आणि दुसरा वेळेसह असेल, तर तेवढं सांगितल्याने उडीचा उलगडा होतो.

पाठवण्याआधी प्रत्येक अर्जातल्या सूचना वेगवेगळ्या वाचा. काही लॉ स्कूल दोन गुणांत मोठा फरक असेल तर स्वतःहून खुलासा मागतात, काही न मागितलेली जोडपत्रं नको म्हणतात. एकच फाइल सगळीकडे चिकटवली की दुसऱ्याच लॉ स्कूलचं नाव आत राहून जातं.