स्टेम सेल संकलन केंद्र, पुणे: दाता म्हणून माझा अनुभव

मे महिन्यात मी दादासाठी स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, दिल्या. त्याला एएमएल हा ब्लड कॅन्सर. आम्ही चार भावंडं, त्यात एचएलए (पेशींवरची ओळखखूण) जुळला तो माझाच. एक तक्रार आहे, म्हणून रुग्णालयाचं नाव लिहीत नाही.

संकलनाचं काम मात्र उत्तम. आधी चार दिवस जी-सीएसएफची इंजेक्शनं, मज्जेतल्या स्टेम सेल रक्तात उतरवण्यासाठी. कंबर आणि मांड्या रात्रभर ठणकायच्या, पण पॅरासिटामॉलवर निभावलं. पाचव्या दिवशी साडेचार तास यंत्राला. एका हातातून रक्त जातं, हव्या त्या पेशी काढून घेऊन बाकीचं दुसऱ्या हातात परत येतं. ओठांना मुंग्या आल्याबरोबर टेक्निशियनताईंनी कॅल्शियम लावलं. शेवटी हाती आली टोमॅटोच्या सारासारख्या रंगाची एक छोटी पिशवी.

रिपोर्टवर एकच आकडा होता: सीडी ३४ पेशी, दादाच्या वजनाच्या किलोमागे ६१ लाख. सगळे खूश. मी दूध संघात फॅट-एसएनएफ तपासते. नुसते लिटर बघून आम्ही दुधाचा भाव लावत नाही. म्हणून डॉक्टरांना विचारलं, "सर, पिशवीत आणखी काय काय आहे?"

त्यांनी कागदावर काढून समजावलं. सीडी ३४ पेशी नवं रक्त तयार करतात. त्यांच्यासोबत माझ्या टी-पेशी, म्हणजे परक्या पेशींवर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशीही, गेल्या आहेत, आणि कमरेच्या हाडातून मज्जा काढली असती तर गेल्या असत्या त्याच्या साधारण दहापट. उरलासुरला कॅन्सर मारायच्या त्याच, आणि दादाच्या कातडीवर, यकृतावर, आतड्यावर, डोळ्यांवर उलटायच्याही त्याच. याला जीव्हीएचडी म्हणतात. नात्याबाहेरच्या दात्यांवर झालेला एक मोठा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. दोन वर्षांत दीर्घकालीन जीव्हीएचडी रक्तातून घेतलेल्या पेशींनंतर ५३ टक्के रुग्णांना झाला, मज्जेनंतर ४१ टक्के. जगण्याचं प्रमाण जवळपास सारखंच. मज्जा न रुजण्याचा धोका मात्र जास्त, ९ टक्के. रक्तातून घेतलं तर ३. अप्लास्टिक ॲनिमियात मारायला कॅन्सरच नसतो, म्हणून तिथे शक्यतो मज्जाच घेतात, असंही ते म्हणाले.

माझी तक्रार इथेच आहे. हे सगळं मला पिशवी भरल्यावर कळलं. संमतीपत्रावर 'रक्तातून' या चौकटीत आधीच खूण केलेली होती. आधी सांगितलं असतं तरी मी हेच निवडलं असतं, कारण दादाचा आजार उलटण्याची भीती मोठी होती. पण निवड आमची असायला हवी होती. टी-पेशींचा आकडाही दोनदा मागितल्यावर मिळाला: किलोमागे २४ कोटी.

५ पैकी ४. एक गुण त्या खुणेसाठी कापला.

चौदाव्या दिवशी दादाचे न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५०० च्या वर गेले, म्हणजे माझ्या पेशी रुजल्या. सहाव्या महिन्यात त्याचे डोळे कोरडे पडून चुरचुरायला लागले. वहिनी म्हणाली, जागरणाने असेल. मी तो कागद काढून दाखवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीने आम्ही पुणं गाठलं.